घरच्या गालिच्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर: मोटार आणि हवेचा मार्ग कसा ओळखायचा

खोक्यावर ठळक अक्षरांत १६०० वॅट, २००० वॅट लिहिलेलं असतं आणि सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात उभ्या उभ्या खरेदी तेवढ्यावर ठरते. हा आकडा मोटार वीज किती खाते ते सांगतो. गालिच्याच्या मुळाशी बसलेली माती किती निघेल, हे त्यातून कळत नाही. युरोपात सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा आली. कंपन्यांनी पंखा, नळ्यांची वळणं आणि तोंडाचा ब्रश सुधारला आणि कमी विजेत काम भागवलं.

म्हणून यंत्र बघताना मी तीन गोष्टी शोधतो: मोटार कोणत्या जातीची, पंखा धुळीच्या आधी की नंतर, आणि मोटार थंड कोणत्या हवेने होते. सोलापुरात तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. काळ्या मातीची पिठासारखी धूळ, पूर्व भागातल्या यंत्रमागांची उडणारी रुई आणि मे महिन्यात ४४ अंशांपर्यंत जाणारा पारा ही तिन्ही मोटार जाळणारी कारणं नक्की आहेत.

पहिली पायरी: अंथरलंय काय ते बघा

यंत्राआधी आपला गालिचा हाताने चाचपून घ्या. बोटं लवीत रुतत असतील, लव उभी कापलेली असेल, तर माती मुळाशी जाऊन बसते. तिथे नुसत्या खेचीने, म्हणजे सक्शनने काम होत नाही. लव हलवणारा फिरता ब्रश लागतो. लव नसलेली सपाट सतरंजी किंवा जाजम असेल तर धूळ वरच्यावर आणि विणीच्या फटीत असते. तिला भरपूर हवा आणि साधं, ब्रश नसलेलं तोंड पुरतं. फिरता ब्रश सतरंजीच्या कडेचे गोंडे ओढून गुंडाळतो आणि सूत सोडवतो. बैठकीत टांगलेलं वॉल हँगिंग असेल तर खेच अगदी कमी करून, तोंडावर जाळीदार कापड बांधून वरून खाली फिरवायचं. सोलापुरी चादर मात्र धुवायचीच वस्तू. तिच्यासाठी यंत्र घेऊ नका.

सोलापुरातल्या बहुतेक घरांत एक लवीचा गालिचा आणि दोन-तीन सतरंज्या असा मिश्र संसार असतो. त्यामुळे ब्रश बंद करता येतो का, हा प्रश्न दुकानात पहिल्यांदा विचारा.

दुसरी पायरी: मोटारीची जात

यंत्रमागाची मोटार इथल्या कुणालाही ओळखीची: इंडक्शन मोटार, ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण १४४० फेरे. या विजेवर थेट चालणारी इंडक्शन मोटार कितीही चांगली बांधली तरी ३००० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. तळहाताएवढ्या पंख्याने गालिच्यातली माती ओढायची तर फेरे त्याच्या कितीतरी पट हवेत. म्हणून वायरवर चालणाऱ्या घरगुती व्हॅक्यूममध्ये बहुधा युनिव्हर्सल मोटार असते. मिक्सरमध्ये आणि ड्रिल मशीनमध्ये असते तीच. कार्बन (वीज पोचवणारे, घासत राहणारे तुकडे), कम्युटेटर (ते ज्यावर घासतात ती तांब्याची कडी) आणि आर्मेचर (गुंडाळ्यांचा फिरणारा भाग) असलेली ही मोटार मिनिटाला २०,००० ते ३५,००० फेरे घेते. मिक्सरसारखाच चढा आवाज आणि कार्बनचा किंचित वास तिच्यासोबत येतो.

व्होल्टेज पडलं की या मोटारीचे फेरे कमी होतात आणि खेचही घटते. पंख्याचा भार फेऱ्यांसोबत उतरत असल्याने ती फ्रिजच्या कॉम्प्रेसरसारखी अडकून तापत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी यंत्र मरगळलेलं वाटलं तर बिघाड समजू नका. दिवे मंद आहेत का ते आधी पाहा.

दुसरी जात ब्रशलेस डीसी, म्हणजे बीएलडीसी. इथे ब्रश म्हणजे कार्बन, आणि ते हिच्यात नाहीत. इलेक्ट्रॉनिक सर्किट गुंडाळ्यांना आलटूनपालटून वीज देतं आणि चुंबक बसवलेला रोटर फिरतो. उभ्या दांड्याच्या, बॅटरीवरच्या महाग यंत्रांत ही असते आणि काहींत मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेते. पंखा इवलासा, वजन कमी, झीज फक्त बेअरिंगची. मात्र सर्किट गेलं की गल्लीतल्या कारागिराकडे इलाज नसतो. युनिव्हर्सल मोटारीचे कार्बन आणि बेअरिंग बदलता येतात, माप जुळलं तर आख्खी मोटारही. दुरुस्तीची सोय हा मला तरी मोठा गुण वाटतो.

कार्बन झिजतात म्हणून घाबरायचं कारण नाही. युरोपच्या त्याच नियमात मोटार निदान ५०० तास चालली पाहिजे अशी अट होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास धरला तर वर्षाचे ५२ तास होतात, म्हणजे साडेनऊ वर्षं. घरातली मोटार त्याआधी गेली तर बहुतेक वेळा कारण झीज नसतं, उष्णता असते.

तिसरी पायरी: पंखा धुळीच्या आधी की नंतर

या रचनेची मुळं जुनी आहेत. १९०८ साली अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर यांना ज्या उभ्या यंत्राचं पेटंट मिळालं त्यात फिरता ब्रश, पंखा आणि मागे कापडी पिशवी असा क्रम होता. माती आधी पंख्यातून जायची, मग पिशवीत. आजही काही जड, उभ्या, परदेशी धाटणीच्या यंत्रांत हाच क्रम असतो. गालिच्यापासून पंख्यापर्यंतचा रस्ता आखूड आणि रुंद असल्याने हवा भरपूर वाहते आणि भरघोस लवीचा गालिचा उत्तम निघतो. पण खडा, नाणं, केसातली पिन थेट पात्यांवर आपटते. लांब पाइप जोडला की याची ताकद लगेच ढासळते, कारण मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा खूप देतो पण खेच कमी देतो.

१९२१ मध्ये इलेक्ट्रोलक्सने जमिनीवर घसरत चालणारं नळकांड्याचं यंत्र आणलं. त्या घराण्यातली आजची यंत्रं उलट्या क्रमाची आहेत: पाइप, मग पिशवी किंवा डबा, मग फिल्टर आणि सगळ्यांत शेवटी पंखा. पंख्याला गाळलेली हवा मिळते, त्यामुळे तो लहान, नाजूक आणि अतिवेगवान ठेवता येतो. खेच जास्त मिळते, लांब पाइपमधूनही ती टिकते. आपल्या बाजारातली डब्याची, ड्रमची आणि दांड्याची जवळपास सगळी यंत्रं याच क्रमाची. त्यांचा कमजोर भाग पंख्याच्या आधी बसलेला फिल्टर. तो तुंबला की पुढचं सगळं अडतं.

चौथी पायरी: मोटार थंड कोण करतं

इथे जरा थांबा, कारण यंत्राचं आयुष्य याच ठिकाणी ठरतं.

पहिला प्रकार थ्रू-फ्लो. गालिच्यातून ओढलेली, फिल्टरने गाळलेली हवाच पंख्यातून पुढे मोटारीच्या गुंडाळ्यांवरून जाते, मोटार थंड करते आणि मागच्या जाळीतून बाहेर पडते. रचना स्वस्त, हलकी, आटोपशीर. फक्त कोरडी धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्रांत बहुधा हीच. तिचा धोका उघड आहे: फिल्टर तुंबला, पाइपमध्ये मोजा अडकला किंवा पिशवी भरली की सफाई थांबते आणि त्याच क्षणी मोटारीचं थंड होणंही थांबतं. मोटार मात्र फिरतच राहते.

त्यात एक फसवी गोष्ट आहे. पाइपचं तोंड हाताने दाबून बघा: आवाज चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं मोटारीवर ताण आला. प्रत्यक्षात हवा हलवायचं काम उरलं नाही म्हणून भार कमी झाला आणि फेरे वाढले. वीजही कमी खेचली जाते. तरीही थ्रू-फ्लो मोटार तापते, कारण उष्णता वाहून नेणारी हवाच नाही. चांगल्या यंत्रात अशा वेळी थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारी कळ, मोटार बंद करतो. तसं झालं तर प्लग काढा, अडथळा शोधा आणि यंत्र पुरतं गार होईपर्यंत, निदान अर्धा तास, बटणाला हात लावू नका. कटआउट वारंवार पडत असेल तर ती तुंबल्याची खूण समजा.

दुसरा प्रकार बायपास. इथे मोटारीला स्वतःचा वेगळा छोटा पंखा असतो. तो बाहेरची हवा स्वतंत्र जाळीतून घेतो आणि मोटार गार करून सोडतो. गालिच्याकडून आलेली हवा खालच्या पंख्यातूनच बाजूला निघून जाते, गुंडाळ्यांना शिवतही नाही. ओलं-कोरडं ओढणारी ड्रमची यंत्रं आणि पाणी फवारून गालिचा धुणारी यंत्रं अशी असावीच लागतात. दमट हवा किंवा फेस थ्रू-फ्लो मोटारीत शिरला तर गुंडाळ्या शॉर्ट होतात.

हा प्रकार ओळखायचा कसा? ड्रमच्या डोक्यावर दोन निराळ्या जाळ्या शोधा. एका ठिकाणाहून जोराची हवा बाहेर येते, ती कामाची. दुसरीकडे हलकी हवा आत शिरते किंवा बाहेर पडते, ती थंड करणारी. कागदाचा कपटा धरला की लगेच कळतं. सगळी हवा एकाच जाळीतून येत असेल तर बहुधा थ्रू-फ्लो.

घराला लागून माग असेल, किंवा अशोक चौकाच्या बाजूला जिथे रुई खिडकीतून आत येते तिथे राहत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: बायपास मोटारीचं ड्रमचं यंत्र घ्या. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये, थोडी धूळ आणि एखादा गालिचा असेल, तर थ्रू-फ्लो चालेल, फिल्टर वेळच्या वेळी झटकायची सवय असेल तर. बायपासमध्येही थंड हवेच्या जाळीवर रुईचा थर बसतो. तो दर वेळी कोरड्या ब्रशने काढा. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा गादीवर ठेवून चालवू नका.

पाचवी पायरी: आकडे वाचा

खेच किलोपास्कलमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेली असते. १ किलोपास्कल म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर पाणी. हवेचा प्रवाह सेकंदाला लिटरमध्ये. दोन्ही आकडे सर्वोत्तम अवस्थेतले असतात आणि एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. खेचीचा आकडा तोंड पूर्ण बंद असतानाचा, प्रवाहाचा पूर्ण उघडं असतानाचा. तोंड बंद असेल तर हवा नाही, म्हणून सफाई शून्य. पूर्ण उघडं असेल तर खेच नाही, तेव्हाही शून्य. खरं काम मधल्या अवस्थेत होतं.

घरी करता येईल असा ढोबळ हिशेब: कमाल किलोपास्कल गुणिले कमाल लिटर, भागिले ४. समजा २० किलोपास्कल आणि ३६ लिटर. गुणाकार ७२०, भागिले ४ म्हणजे १८० वॅट. ही हवेची ताकद, जिला एअरवॅट म्हणतात. विजेचे १४०० वॅट घेऊन हवेला १८० मिळत असतील तर उरलेली बहुतेक वीज उष्णतेत आणि आवाजात गेली. दोन यंत्रं ताडून बघायची तर याच आकड्याने बघा. कंपनीने फक्त वीज छापली असेल आणि खेच-प्रवाह दोन्ही लपवले असतील तर मी ते यंत्र बाजूला ठेवतो.

कोरडी माती उचलून पाइपमधून वाहून नेते ती वाहती हवा. पाणी लवीतून उपसायला लागते ती खेच. पंख्याचे दोन-तीन थर एकावर एक बसवले, म्हणजे दोन किंवा तीन स्टेजची मोटार केली, की खेच वाढते आणि प्रवाह थोडा घटतो. म्हणून गालिचा धुणाऱ्या यंत्राला जादा स्टेज शोभते. कोरड्या धुळीला एक स्टेज आणि रुंद पाइप पुष्कळ.

विजेचा हिशेबही इथेच उरका. १४०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ६ अँपिअरच्या किंचित वर. खोलीतल्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर, त्यातही एक्स्टेन्शन लावून, हे यंत्र चालवू नका. १६ अँपिअरचं सॉकेट लागेल. अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टचं यंत्र आणून दिलं तर ते इथे थेट लावता येत नाही.

सहावी पायरी: ब्रश कशावर फिरतो

तीन तऱ्हा आहेत. मुख्य मोटारीवरून पट्टा, ब्रशची स्वतंत्र छोटी मोटार, किंवा आत येणाऱ्या हवेवर फिरणारी चक्की, जिला टर्बो ब्रश म्हणतात. टर्बो ब्रश स्वस्त, पण त्याला फिरायची ताकद त्याच हवेतून मिळते, म्हणजे तेवढी खेच कमी. दाट लवीत रुतला की तो थांबतोही. लवीच्या गालिच्यासाठी स्वतंत्र मोटारीचा ब्रश सरस, आणि वेगळं बटण असेल तर सतरंजीवर तो बंद करता येतो. रुईच्या घरात ब्रशच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर सूत गुंडाळतं. महिन्यातून एकदा रोलर काढून ते कात्रीने कापा.

पिशवी, सायक्लोन, फिल्टर

सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जड कण भिंतीवर फेकले जाऊन खाली पडतात. वाळू, तांदूळ, रांगोळीची भरड यांना ते छान. रुई मात्र हलकी. ती खाली न पडता मधल्या जाळीभोवती नमद्यासारखी लपेटते आणि हवा अडवते. रुई जास्त असेल तर मी सायक्लोनऐवजी अनेक थरांची कृत्रिम कापडाची पिशवी सुचवेन. ती दोन तृतीयांश भरली की बदला. दम्याचं कुणी घरात असेल तर बाहेर पडणाऱ्या हवेवर एच-१३ दर्जाचा हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर बघा. पण झाकणाची रबरी पट्टी सैल असेल तर हेपाच्या बाजूने धूळ निसटते, म्हणून पट्टीसुद्धा तपासा.

धुता येणारा फिल्टर धुतल्यावर सावलीत पूर्ण २४ तास वाळवा. अर्धवट ओला फिल्टर थ्रू-फ्लो मोटारीत ओलावा ढकलतो. विभूती, चुना, पीओपीची भुकटी घरगुती फिल्टरने ओढू नका.

पाणी फवारणारं यंत्र घेणार असाल तर

स्वच्छ पाण्याची टाकी, छोटा पंप, फवारा, खेचणारं तोंड, मळक्या पाण्याची टाकी, तरंगता फ्लोट आणि बायपास मोटार, असा याचा क्रम. टाकी भरली की फ्लोट वर येऊन हवेचा मार्ग बंद करतो, आवाज चढतो, आपण थांबायचं. फेस मात्र फ्लोटला चुकवून पंख्यापर्यंत जातो. म्हणून कपड्यांची पावडर कधीच नको, कमी फेसाचं द्रावणच वापरा. पूर्वी पावडरने हातांनी धुतलेला गालिचा साध्या पाण्यानेही फेसाळतो. पहिल्या वेळी टाकी वरचेवर उघडून बघा.

बोअरच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याच्या बारीक छिद्रात बसतात. आरओतून वाया जाणारं पाणी त्याहून खारट, ते टाकीत अजिबात घालू नका. नळाचं साठवलेलं पाणी असेल तर पिंपाच्या तळाचा गाळ टाळून, फडक्यातून गाळून भरा. काम संपल्यावर एकदा साधं पाणी फवारून पंप धुवा.

धुण्याआधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते पाहा. मागे तागाचं अस्तर असेल तर जास्त ओल्याने तपकिरी डाग वर येतात. फवारा मारत एक फेरी आणि नुसतं ओढत दोन-तीन फेऱ्या, हे प्रमाण ठेवा. एप्रिल-मेमध्ये गालिचा दिवसभरात सुकतो. पावसाळी हवेत धुवायलाच घेऊ नये, आत कुबट वास धरतो.

घरी करायची प्रवाहाची चाचणी

६० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच खोकं घ्या. त्यात मोठी पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरून बसवा, म्हणजे आत २१६ लिटर हवा झाली. पिशवीचं तोंड पाइपभोवती घट्ट बांधा आणि पाइपच्या टोकाला तारेची जाळी लावा, नाहीतर प्लॅस्टिक चिकटून बसेल. यंत्र आधी सुरू करायचं नाही. बटण दाबा आणि पिशवी पूर्ण चोपली जाईपर्यंतचे सेकंद मोबाइलवर मोजा. ६ सेकंद लागले तर प्रवाह सेकंदाला ३६ लिटर, ९ लागले तर २४. मोजमाप ढोबळ आहे, पण नवं यंत्र आणल्या दिवशी आकडा वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच चाचणी केली की फिल्टर आणि पाइप कितपत तुंबले ते समोर येतं. फिल्टर बदलूनही आकडा परत येत नसेल तर पाइपला चीर किंवा झाकणाच्या रबराला गळती शोधा.

मध्येच आवाजाकडे कान ठेवा. चढलेला, किरकिरा आवाज म्हणजे हवा अडली. उतरलेला, घोगरा आवाज म्हणजे बेअरिंग किंवा कमी व्होल्टेज. कम्युटेटरवर, कार्बनपाशी निळसर बारीक ठिणग्या दिसणं नेहमीचं. पिवळ्या, कडं धरून फिरणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर बंद करा आणि कार्बन बघून घ्या.

बॅटरीचं यंत्र असेल तर वापरल्या वापरल्या चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मेमध्ये पत्र्याखालची खोली दुपारी तेवढी सहज तापते. चार्जर खालच्या, सावलीच्या खोलीत लावा, शक्यतो रात्री.